मंडईच्या दिवशी उघडं दार

५ नोव्हें. १९७५. सानगडी. भाऊबीज.
नामाला ओवाळलं. ताटात लुगडं टाकलं, हिरवट रंगाचं. मुळीच आवडलं नाही, छान आहे म्हटलं. धाकटा भाऊ असला तरी आता घरचा कर्ता तोच.
उद्या सगळे मुंबईला निघतात. कुसुमचा भाऊ तिथे नोकरीला आहे, त्याच्या खोलीवर उतरणार. नामा, कुसुम, विजय, बेबी. मी नाही.
नामा म्हणाला, "बाई, रविवारी मंडई आहे नं. पाहुणे येतीन. दार बंद पाहून वापस गेले तं..." पुढचं बोलायची गरज नव्हती. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आजूबाजूच्या गावांतले सगळे सोयरेधायरे आपल्या दारात. बाजार बघायचा, गोवारी गुराखी मोरपिसांची उंच ढाल नाचवत आणतात ती बघायची, रात्री दंडारीची नाचगाणी, मधल्या वेळात ओळखीच्या घरी जेवण. त्या दिवशी दाराला कुलूप दिसलं तर त्या घरात कोण मेलं असं विचारतात.
तेव्हा कुणीतरी राहायला हवं. कुणीतरी म्हणजे कोण, हे ठरवायला वेळ लागला नाही. नवरा नाही, पोरं नाहीत, शाळेला सुट्टी.

६ नोव्हें.
गेले. बेबी एस.टी.च्या खिडकीतून ओरडली, "आत्या, तुह्यासाठी काय आणू?" मी म्हटलं, "समुद्र आण." सगळे हसले. मीही.
दुपारी कुणासाठी स्वैपाक करायचा कळेना. सकाळचा भात होता, तोच ताकात कालवून खाल्ला.

९ नोव्हें. मंडई.
पाय दुखताहेत. सकाळपासून चूल विझली नाही. कुसुमच्या माहेरचे आले, आमच्या मावशीचे आले, काही तर कोण होते तेही नीट कळलं नाही, तरी जेवून गेले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "बाकीचे कोठी गेले जी?"
"मुंबईले गेले."
"अन् तुमी?"
मी वाढत होते. वाढणाऱ्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, ही एक सोय आहे.
दंडार पाहायला गेले नाही. एकट्या बाईनं जाऊन बसायचं कुठे.

१७ नोव्हें.
आले! सगळे काळवंडलेत. विजयला सर्दी. बेबी तासभर बोलत होती. राणीच्या बागेतलं अस्वल, गेटवेहून बोटीत बसले, कुसुमला उलटी, चौपाटीवर नामाची चप्पल लाटेनं ओढून नेली आणि तो तिच्यामागे धोतर सावरत धावला. हसून हसून पोट दुखलं.
नामाला विचारलं, कसा आहे रे समुद्र? त्यानं थोडा विचार केला. "आपल्या तलावासारखाच आहे, बाई. पलीकडची पार तेवढी नाही." असं सांगितल्यावर कळायला काय राहिलं? पण रात्रभर तेच डोक्यात. ज्याला पलीकडची पार, काठच नाही ते पाणी उभं राहून कसं बघतात? नजर टेकवायची कशावर?
बेबीनं डबीभर वाळू आणली. वास घेतला. वाळूचाच होता.

२० जाने. १९७६.
चौथीला भरती-ओहोटी शिकवली. बेबीनं सांगितलेलं सगळं वापरलं, पायाखालची वाळू कशी सरकते तेसुद्धा. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमी पाह्यला का समुद्र?"
हो म्हटलं.
बाईनं खोटं बोलू नये. पण नाही म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, काहून नाही?

१२ ऑक्टो. १९७९.
पुन्हा मुंबई. चार वर्षांनी. यंदा तिकिटं दिवाळीच्या आधीची मिळालीत. कुसुम भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, तुमी आहा म्हणून आमाले जाता येते बाप्पा." कौतुकच केलं तिनं. मनापासून. कु. वाईट नाही. तिच्यावर राग धरता आला असता तर सोपं झालं असतं.
या वेळी मी म्हणणार होते की मलाही घ्या. जेवताना दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा वरण मागितलं.

२० ऑक्टो. लक्ष्मीपूजन.
एकटीनं केलं. दिवे मात्र नेहमीइतकेच लावले. कमी लावले असते तर शेजारची कमळा विचारायला आली असती, आणि मला आज कुणी विचारलेलं चाललं नसतं.

२२ ऑक्टो. भाऊबीज.
भाऊ मुंबईत. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे, तरी संध्याकाळी अंगणात ताट घेऊन उभी. कोर अगदी बारीक, कमळाच्या बाभळीमागे. दिसली न दिसली तोच गेली. घाईघाईनं ओवाळलं. चंद्रानं ताटात काही टाकलं नाही. हिरवट लुगड्यापेक्षा बरं.
मग मात्र रडू आलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं.

२६ ऑक्टो. मंडई.
आज एक ऐकलं. ओसरीवर पाहुणे पान खात बसले होते. मी आत सुपारी कातरत. मावशीचा जावई म्हणाला, "बाईले काहून नाही नेत जी हे लोकं?" दुसरा म्हणाला, "नामदेव सांगत होता, बाईले गर्दी सोसत नाही. तिले परवास आवडतच नाही."
मी हे कधी म्हटलं? नामा लोकांना असं सांगतो. माझी लाज झाकायला की स्वतःची? आणि आता सगळ्या गोतावळ्यात हेच खरं झालं असणार. बाईला प्रवास आवडत नाही. इतकी वर्षं ज्या बाईला ओळखतात ती मी नव्हेच.
बाहेर जाऊन सांगावंसं वाटलं. सुपारी नेऊन ठेवली.

४ नोव्हें.
आले. फोटो काढून आणलेत, गेटवेसमोर चौघे. चौकट भरलेली आहे. कडेला कुणी उभं राहील अशी जागाच नाही.

९ मे १९८२.
नामाजवळ शेवटी बोलले. सुट्टी आहे, मंडई नाही, काही नाही, मुंबई दाखव म्हटलं. तो दुकानात तांदूळ मोजत होता. "उन्हाचं कोण जाते तिकडे? घामानं मरशीन. अन् तुले कायचं एवढं वेड लागलं या वयात?" हसून म्हणाला. गिऱ्हाईक आलं. विषय संपला.
मी एकटी जाऊ शकते. पगार आहे, वाचता येतं, वाट विचारता येते. कमळा तेच म्हणते, "जा नं मंग, कोण धरते?" कुणीच धरत नाही, हेच तर. मला समुद्र पाहायचा आहे हे खरं. पण त्याहून जास्त, कुणीतरी "चल" म्हणायला हवंय. ते कमळाला कसं सांगू?

२ मार्च १९८३.
बेबीचं लग्न पार पडलं. साकोलीला दिली, जवळच. जाताना कुसुमच्या आधी माझ्या गळ्यात पडली. घर फार मोठं झाल्यासारखं वाटतं.

३० मे १९८५.
विजयची बायको घरात आली. सुनंदा, पवनीची. नदीकाठची पोर, बोलणं मोकळं. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "आत्या, तुमी काय वाचता एवढं?" या घरात मला असं कुणी विचारलेलं आठवत नाही.

२० ऑक्टो. १९८५.
मी जाते आहे!
विजयला मामा मुंबईत नोकरी बघणार, म्हणून हे सगळं निघालं. नामानं तिकिटं दाखवली. "यात तुहं बी आहे, बाई. मामा रिटायर होऊन राहिला, मंग कुठं खोली भेटते? चल ह्या बारी."
चल म्हणाला. मी आत गेले, पाण्याचा तांब्या उगीचच घासला. कु. हसत होती.
निघायचं १६ नोव्हेंबरला, भाऊबीजेनंतर.

२८ ऑक्टो.
साड्या काढल्या. एक कु.नं नापास केली. "असं पांढरं पांढरं नका घेऊ, मुंबई आहे ते." कमळाकडून पिशवी आणली. शाळेत सांगितलं. पुन्हा सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, "कळलं, बाई, कळलं."
सुनंदाला मी आल्यावर सगळं सांगेन.
इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. सुनंदाला मी सांगेन म्हणजे ती नाही. चार तिकिटं. नामा, कु., विजय, मी. आणि मंडई अठरा तारखेला.
आठ दिवस मला हे दिसलं नाही. आनंदानं माणूस आंधळं होतं म्हणावं, की दिसत होतं आणि पाहिलं नाही?

३ नोव्हें.
कु.ला विचारलं. "राहीन नं सुनंदा. नवी सून आहे, लोकं पाहाले येतीन तिले. एक बारी तिले बी कळू द्या मंडई कशी असते." तिनं सहज सांगितलं. तिच्या दृष्टीनं त्यात वावगं काही नाही. विजयला विचारलं, तो म्हणाला, "तिले बस लागते, आत्या." पवनीहून इथवर बसनं आली ती पोर, खिडकीशी बसून पेरू खात! मी होते त्या बसमध्ये.
सुनंदा काल अंगण सारवताना मला म्हणाली, "आत्या, तिथून काही आणू नका माह्यासाठी. वजन होते."

१४ नोव्हें. भाऊबीज.
सुनंदा भावाला ओवाळायला पवनीला जाऊन संध्याकाळी परतही आली. मंडईच्या तयारीला आजच परत ये, असा कु.चा हुकूम होता. भाऊ सोडायला आला, चहा घेतला, बहिणीकडे न बघता निघून गेला. ती दारात उभी. तिचं वय एकोणीस. सासरहून मी या घरी कायमची परत आले तेव्हा माझंही तेवढंच होतं.
जेवायला बसल्यावर मी बोलले. सुनंदाला न्या म्हटलं.
नामा: "तिकीट कुठं आहे?"
मी: "साधं काढू. बसेल माझ्या बाकावर. दोघी मावू."
कु.: "अन् मंडई? मंग तुमी राहता का?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ठाऊक होतं सगळ्यांना काय ऐकायचं आहे. बाई राहतील. बाई मोठ्या मनाच्या. सुनंदासुद्धा मान हलवून नको नको म्हणत होती.
नाही म्हटलं. मी राहणार नाही. माझं तिकीटही देणार नाही. तेवढी मोठी मी नाही आणि मला व्हायचंही नाही. दोघी जाऊ आणि घर बंद ठेवू.
नामा अर्ध्या ताटावरून उठला.

१५ नोव्हें. १९८५.
सकाळच्या बसनं साकोलीला गेले, कुलूप आणलं. चांगलं जड आहे. आमच्या दाराला कडी आहे, पण कुलूप आजोबांच्या वेळेपासून कधी लागलंच नाही. दुकानदाराला सांगितलं, घट्ट हवं.
नामानं ते ओसरीवर पाहिलं आणि आवाज चढला. "मंडईच्या दिवशी आपल्या दाराले कुलूप? लोकं काय म्हणतीन?"
मी म्हटलं, "म्हणतीन, मुंबईले गेले."
तो इतका संतापला की दुकानात जाऊन बसला, दुपारी जेवायला आला नाही. विजय बापाची समजूत काढायला गेला तो तिकडेच. कु. माझ्याशी बोलत नाही, पण तिनं प्रवासाच्या पुऱ्या तळायला घेतल्या तेव्हा कणीक जास्त भिजवली. मी पाहिलं. विचारलं नाही.
आपण फार केलं का? आलेला पाहुणा दारातून उपाशी जाईल हे मलाही टोचतं. इतकी वर्षं त्यांना मीच वाढलं आहे. मावशीचे लोक दमून येतील, कडी वाजवतील. कमळा त्यांना पाणी देईल, पण कमळाचं घर म्हणजे आपलं घर नव्हे. नामाचं चुकतं असंही म्हणता येत नाही. आणि उद्या तो तिकिटं फाडून टाकील, किंवा मी राहतो म्हणेल, तर? मग माझं जाणं काय उपयोगाचं? भाऊ घरी बसून दार उघडं ठेवतो आहे, या विचारानं मी ते पाणी बघू शकेन? बघेन, असं वाटतं. लाज वाटते, पण बघेन.
दिवेलागणीला नामा आला. हातपाय धुतले. कुलूप जिथं होतं तिथंच होतं, त्याला वळसा घालून आत गेला.
सुनंदा माझ्याजवळ आली, हळू आवाजात म्हणाली, "आत्या, पिशवी भरू का नको?"
भर म्हटलं. आत नामाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.
सुनंदानं पिशवी उघडली. ती अजून माझ्याकडे बघते आहे. बस सकाळी सहाची.