शिडाच्या होडीला मोटर

एलादियो,

होडी काल पाण्यात उतरली. तू बसवलेल्या नव्या फळ्यांतून थेंबभरही पाणी आत आलं नाही. एवढं तुला कळायला हवं, म्हणून लिहितेय. पाठवणार मात्र नाही.

मोटरही बसवली. तू चिडून म्हणाला होतास, "माझ्या आजोबांच्या शिडाच्या होडीला मोटर? मग पुढे बैलही जुंप!" मी म्हणाले, "बैल आहे की घरात, पण जुंपून घेतो कुठे?" मला वाटलं, तू हसशील. तू पिशवी भरलीस आणि बहिणीकडे केयोनला निघून गेलास. दोन हिवाळे आपण दोघांनी ती कुजकी होडी खरवडून उभी केली, आणि भांडलो ते अगदी शेवटी.

काल एकटीच आचाओला निघाले. खाडीच्या मध्यावर वारा पडला आणि प्रवाहाच्या ओढीने होडी खडकांकडे जाऊ लागली. मोटर लावली, म्हणून वाचले. माझंच खरं ठरलं, पण ते ऐकवायला समोर कोणी नव्हतं.

तिथल्या धक्क्यावर वडे विकणारी ओर्फेलिना भेटली. "काय गं, म्हातारा कुठाय?"

"आत झोपलाय," मी होडीतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाले. तू घर सोडून गेलायस हे तोंडातून निघेना.

"झोपू दे बिचाऱ्याला. दमला असेल," म्हणत तिने बटाट्याचे गरम वडे दोघांपुरते फडक्यात बांधून दिले.

ती दिसेनाशी होईपर्यंत मी होडीत दबकत चालले, तुझी झोप मोडू नये म्हणून.

अजूनही तेवढीच हट्टी,
रोसाल्बा