दारापर्यंत गाडी

ती. आईस,

मी बरी आहे. या जुन्या वस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी शिरतच नाही. चालून चालून माझे गुडघे झिजलेत.

मी सांभाळत होते त्या आजी मंगळवारी गेल्या. छातीत दुखायला लागलं, तेव्हा शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. रुग्णवाहिका खाली चौकात थांबली होती. "वरातच काढलीत की माझी," आजी म्हणाल्या.

पायऱ्यांवर मीच सारखी म्हणत होते, "हळू, धक्का बसेल." त्या दोघांनी माझं ऐकलं. चौक दिसायला लागला आणि आजींची मान कलली.

तुझ्या छातीतली कळ थांबली का? दादाला म्हणावं, दारापुढची लाकडं आजच हलव. गाडी दारापर्यंत आली पाहिजे. आणि कुणी हळू म्हणालं, तर ऐकू नका.

तुझी धाकटी