तळ्यातली शर्यत

लातूर, ता. ८ मार्च १९८७

ती. सौ. सिंधुअक्कास,
भीमाचा सप्रेम जयभीम. वि. वि. मी इकडं बरा आहे. दाजींचा खोकला थांबला का?

नव्या जिल्ह्याच्या पाणीपुरवठा कचेरीत मी कायम झालो. टँकर पोचला का ते बघत रोज गावं फिरायची, म्हणून मोटारसायकल बघायलोय. मन दोन गाड्यांत अडकलंय. नवी शंभर सीसीची हलकी, पेट्रोल कमी पिते. जुनी साडेतीनशेची मात्र कान पिळला की सुटलीच. माझा दोस्त वीरण्णा म्हणतो, हीच घे, शर्यतीलाबी चालंल. औशाकडं एका गावचं तळं पार आटलंय, तळ सिमेंटावानी कडक. रविवारी पोरं तिथं गोल पट्टी आखून गाड्या पळवतात. नोकरी आणि तळं, दोन्हीला एकच गाडी पाहिजे. दाजींना विचारून कळव.

माया आहेच, तीत उणं पडू देऊ नको.
तुझा भीमा

देगलूर, ता. १७ मार्च

चि. भीमास अ. उ. आ.
तुझे दाजी म्हणतात, हलकीच घे. जुनीचे पार्ट हैदराबादेहून मागवावे लागतील. मी म्हणते, गाडी किती पळते ते लिहिलंस, लवकर थांबते का ते लिहिलं न्हाईस. आणि तळं आटलंय तर बाया पाणी कुठून आणतात? आमच्याकडं तळ्याच्या पोटातच झिरा खणलाय. तिथंबी असंल, तर बायांची वाट तुमच्या पट्टीतनं जाते का, बघ. हेल्मेट घाल. तोंड फुटलं तर पोरगी कोण देईल?

लोभ आहे तसा राहो.
सिंधु

लातूर, ता. २ एप्रिल

ती. सौ. अक्कास जयभीम.
रागावू नको, साडेतीनशेचीच घेतली. झिरा मधोमध आहे, पण वीरण्णा लाल फडकं घेऊन उभा राहतो. बाया आल्या की आम्ही थांबतो. धूळ लई उडते, तेवढंच.

आठवण ठेव.
भीमा

लातूर, ता. ५ मे

अक्का,
दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच लिहितो. रविवारी वीरण्णालाबी पळायचं होतं, म्हणून फडकं घेऊन कुणीच नव्हतं. टँकर त्या गावी आला नव्हता, झिऱ्यावर गर्दी होती. माझ्यापुढं सगळ्यांची धूळ. धुळीत हिरवं लुगडं दिसलं आणि मी ब्रेक दाबला. चाक घसरतच गेलं.

नागुबाई नावाची म्हातारी, पाणी भरून घरी निघाली होती. गावात जीप यायला वेळ लागंल म्हणून तिला माझ्याच गाडीवर घेतलं, मागं तिची सून धरून बसली. वाटेत म्हातारी म्हणाली, सावकाश चालव बाबा. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती गेली होती.

पोलिसांना सगळं खरं सांगितलं. जामीन झालाय. खटला उभा राहीपर्यंत काम तेच, गावंबी तीच. काल तिथं टँकर बघायला गेलो. कुणी शिवी दिली न्हाई. गाडीचा आवाज आला तशा बाया घागरी उचलून भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मी गाडी बंद केली तरी हालल्या न्हाईत.

तुला तोंड कसं दाखवू, ते कळत न्हाई.
भीमा

देगलूर, ता. ११ मे

चि. भीमास आशीर्वाद.
पत्र वाचून दाजी उठून बाहेर गेले. मी चूल पेटवली न्हाई.

बदली मागू नकोस. त्या गावात शिरताना गाडी वेशीवर लाव, पुढं चालत जा. शनिवारच्या एसटीनं मी येते. नागुबाईच्या सुनेच्या दारात दोघं जाऊ. तिनं आत घेतलं न्हाई तर बाहेर बसू. काय बोलायचं ते ठरवून येऊ नकोस. ती बोलेल ते ऐकायचं, आणि न्हाई बोलली तर तेबी.

येते.
तुझी अक्का