चूक दाखवा, मग बोलू

३ मार्च, सोमवार

पापी! मी! तेही माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच बायकोने केलेला चहा पीत मला ऐकवलं!

पाळक आले होते. महिनाअखेरीला चर्चमध्ये बाप्तिस्मे आहेत. यंदा मीही बाप्तिस्म्याच्या हौदात उतरावं, अशी बायकोची इच्छा. लग्न झाल्यापासून मी तिच्याबरोबर चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो, बेसूर का होईना गाणी म्हणतो. पाण्यात उतरायलाही माझी ना नाही. पण उतरण्याआधी सगळ्यांसमोर म्हणायचं की मी पापी आहे, मला क्षमेची गरज आहे. म्हटलं, पाळकसाहेब, चूक दाखवा, मग बोलू. मी गाडी चालवण्याची परीक्षा घेणारा माणूस. नापास करतो तेव्हा कुठे काय चुकलं ते तोंडावर सांगतो. इथे काही न सांगताच नापास!

ते हसले. बायको हसली नाही.

५ मार्च, बुधवार

आज एका भाजीवाल्याला नापास केलं. वळताना आरशात पाहिलं नाही. "साहेब, एवढी एक वेळ माफ करा ना!" म्हटलं, मागून येणारा ट्रक माफ करणार आहे का? बिचाऱ्याची बायको फाटकापाशी ठेवणीतले कपडे घालून उभी होती. मी दुसरीकडे बघितलं.

घरी येऊन आत्मपरीक्षण केलं. अगदी प्रामाणिकपणे. दारू नाही, सिगारेट नाही, लाच नाही. शेजाऱ्याचा कुत्रा मला आवडत नाही, पण तो कुणालाच आवडत नाही.

६ मार्च, गुरुवार

मुलीला फोन केला. म्हटलं, माझ्यात काय दोष आहे ते मोकळेपणाने सांग. म्हणाली, "बाबा, तुमच्यात दोष नसतोच कधी, हाच तर—" आणि फोन कट झाला.

म्हणजे तिनेही मान्य केलं! बायकोला सांगितलं. तिने बशी जरा जोरातच ठेवली.

८ मार्च, शनिवार

पाळक परत हजर. आज तारणाचा विषय. म्हणे आपली शिक्षा दुसऱ्याने, ज्याचा काही दोष नव्हता त्याने, स्वतःच्या अंगावर घेतली. मला काही पटेना. गाडी एकाने ठोकायची आणि नापास दुसऱ्याने व्हायचं? आमच्या खात्यात असं झालं तर दोघंही घरी बसतील. आणि निर्दोष माणूस याला तयार तरी का होईल? पाळक म्हणाले, "प्रेमापोटी."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, मी उगाच मागे लागलेली नाही. वर गेल्यावर तुम्ही तिथे नसाल तर मी भांडू कुणाशी?" हसत म्हणाली, पण डोळे भरले होते. मी चष्मा पुसत बसलो. हिच्यासाठी हौदात काय, विहिरीत उडी मारेन. पण खोटं कसं बोलू?

९ मार्च, रविवार

भलतंच झालं. उपासना संपल्यावर आवारातून गाडी मागे घेत होतो. धाड्! पाळकांची स्कूटर आडवी. दिवा फुटला, आरसा फुटला, आणि अख्खी मंडळी पायऱ्यांवर उभी.

मी काच खाली करून सांगणारच होतो की स्कूटर लावायची ही जागा नव्हे. तेवढ्यात बायको उतरली. "माझंच चुकलं, पाळकसाहेब. मीच यांच्याशी बोलत होते. यांचं लक्ष उडालं." सगळे तिच्याकडे बघायला लागले. एक आजी म्हणाल्या, "गाडी चालवताना नवऱ्याचं डोकं खाऊ नये गं!" ती मान खाली घालून उभी. मी गाडीतच बसून राहिलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं. कारण सापडलं ना!

१० मार्च, सोमवार

ती बोलत नव्हती.

काल गाडीत बसल्यापासून धडकेपर्यंत तिने अवाक्षर काढलं नव्हतं. आरशात मीच पाहिलं नव्हतं.

कामात लक्ष लागेना. एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं, "साहेब, पास की नापास?" मला काही आठवेना. त्यांना पुन्हा पहिल्यापासून चालवायला लावली.

११ मार्च, मंगळवार

शेवटी विचारलंच. "खोटं का बोललीस?" म्हणाली, "सवयीने." आणि बटाटे सोलायला लागली.

सवयीने! दिवसभर जुनी भांडणं आठवत बसलो. प्रत्येक भांडणाच्या शेवटी "बरं, माझं चुकलं" म्हणणारा आवाज तिचा. माझा एकदाही नाही. मला वाटायचं, ज्याची चूक तो माफी मागतो, त्यात काय एवढं.

तिची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा "काही होत नाही, पुढच्या आठवड्यात जा" असं मीच म्हणालो होतो. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर म्हणाली, "माझंच चुकलं. मी हट्ट करायला हवा होता." आणि मी मान डोलावली.

मान डोलावली मी! लाज वाटते लिहायला.

१३ मार्च, गुरुवार

बाथरूमच्या आरशासमोर सराव. महाकठीण काम! "माझं चुकलं" इथपर्यंत येतं, मग लगेच "पण" येतो. माझं चुकलं, पण तू सांगायचंस ना. छे! माझं चुकलं, पण डॉक्टरच म्हणाले होते. छे छे!

रंगीत तालीम म्हणून पाळकांकडे गेलो. म्हटलं, स्कूटर मी पाडली, ती बोलत नव्हती. म्हणाले, "माहीत आहे. मी पायरीवरून बघतच होतो." मग त्याच वेळी का नाही बोललात? "ताईंनी अंगावर घेतलं होतं. मी कोण काढून घेणारा?"

स्कूटरची दुरुस्ती मात्र माझ्याकडे. मुकाट्याने हो म्हणालो.

१४ मार्च, शुक्रवार

ती कांदा परतत होती. मागे जाऊन उभा राहिलो. "माझं चुकलं."

"कशाचं?" वळून बघितलंही नाही.

"आईच्या वेळी. मी तुला थांबवलं." पुढे "पण" आला नाही.

तिने गॅस बंद केला. हात पुसले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"हं. आता परत म्हणा."