गालावरचं गोंदण

नागपूर, ९ मे १९८६

मायले सोमारीचा जोहार.

चैतूदादा हे वाचून दाखवन तवा रडू नोको. मी बरी आहो. दवाखान्यात दोन टाइम भात भेटते, पण पातळ वरणाले चव नाई.

गालावरचा काळा मस डॉक्टरीणबाईनं कापला. टाके निघाले. वण सुताएवढा बारीक राहीन, असं ती म्हणते.

त्याच्यावर बिब्बा कोणं लावला, म्हणून बाई लय रागावली. मीच लावला, असं सांगतलं. तू मनाले लावून घेऊ नोको. बिब्ब्यानं कातडी जळली, पण आजार आधीचाच होता. हे मी तिले दोनदा इचारून घेतलं.

तेंदूपत्ता सुरू झाला काय? बापूचा खोकला कसा आहे?

एक गोष्ट लपवून ठेवली होती. मसासंगं गोंदणाचे तीन ठिपकेबी गेले. मेल्यावर सारं इथीच राह्यते, गोंदणच संगं येते अन् त्याच्यावरूनच आपली माणसं ओळखतात, असं तूच सांगत होती. आता आजी मले कशी ओळखन?

परत गोंदू काय, म्हणून मी बाईले इचारलं. तवा ती म्हणे, "वर्षभर त्या जागेला सुई लावायची नाही. आजार परत येतो का ते पाहायचंय."

काल तिनं कानाखालची नवी गाठ दाबून पाह्यली. मंग म्हणे, "गोंदायचं असेल तर गोंदून घे."

नदी चढायच्या आधी मी येतो. गोंदणारीले बोलावून ठेवजो.

तुझी लेक,
सोमारी