डॉमच्या मशीनचा निरोप

१ डिसेंबर १९८६, सोमवार. एंडिकॉट, न्यूयॉर्क.
आजपासून रोजनिशी. आयरीनला वाटतं मी घाबरलोय. बायकोला काहीही वाटतं. कारण शास्त्रीय आहे. दुपारी जेवणाच्या जरा आधी माझ्या स्क्रीनवर मेसेज येतो: 'निघालो. टेबल धर.' पाठवणारा ऑफिसातला डॉम. डॉमला आम्ही ऑक्टोबरात पुरलं. शवपेटीला एका बाजूने खांदा माझाच होता. तेव्हापासून मेसेज रोज येतोय.

त्यात विशेष काही नाही. आमच्या विमा कंपनीचा एकच अवाढव्य कॉम्प्युटर. त्याच्या पोटात प्रत्येकाचं एकेक नकली मशीन. माणूस खुर्चीवरून उठला तरी त्याचं मशीन आत चालूच राहतं. डॉमचं कुणी बंद केलं नाही, इतकंच.

आज आमचे साहेब मिस्टर ऑस्ट्रँडर यांनी सांगितलं, ख्रिसमसच्या आत डॉमचं मशीन पुसून टाक, जागा हवी आहे. सिस्टमचा माणूस मी, म्हणून काम माझं. उद्या करतो.

२ डिसेंबर
पुसलं नाही. काम फार.
मेसेजवर 'तातडीचा' फ्लॅग वर होता. प्रत्येक मेसेजबरोबर असे हो-नाहीचे काही फ्लॅग जातात. तातडीचा असला की तो बाकीच्यांच्या पुढे घुसतो. डॉम कँटीनच्या रांगेतही असाच मध्ये घुसायचा आणि वर मलाच म्हणायचा, लिओ, ढकलतोस कशाला रे.
भूतबित मी मानत नाही. पण स्वभाव ओळखू येतो.
एक नोंद हवी: सहा वर्षं डॉमच मला रोज जेवायला बोलवायचा. मी कामाचा माणूस. त्याचं मन मोडू नये म्हणून जायचो.

४ डिसेंबर
उपाय सापडला. माझ्या बाजूने 'गप्प' फ्लॅग चढवला. तो वर असेपर्यंत डॉमच्या मशीनकडून माझ्याकडे नवा मेसेज येऊच शकत नाही. मॅन्युअलमध्ये तसं छापलंय. प्रश्न मिटला. आता पुसायची घाई नाही.

५ डिसेंबर
'निघालो. टेबल धर.'
गप्प फ्लॅग वरच होता. पुन्हा पुन्हा पाहिला. मशीन रूममध्ये जाऊन उभा राहिलो. सगळी कपाटं नेहमीसारखी घुमत होती. यातल्या कुठल्या कपाटात तो असेल, असा एक विचार येऊन गेला. अंगावर काटा आला. तिथला एसी फार जोरात असतो.
मग कोपऱ्यावरच्या खानावळीत गेलो, फक्त निरीक्षणासाठी. आमचं टेबल धरलं. डॉमची जागा धरायला समोरच्या खुर्चीवर कोट टाकला, नेहमीसारखा. दोन स्पीडी मागवल्या, कोळशावर भाजलेलं मटण, पावात. दार उघडलं की मान वळत होती. कुणी आलं नाही. दोन्ही खाल्ल्या. सोमवारपासून डाएट.

८ डिसेंबर, सोमवार
बर्फ पडलाय. असल्या थंडीत डाएट म्हणजे जिवाशी खेळ.
आयरीनला सांगितलं. म्हणाली, गेलेला माणूस उगाच येत नाही, त्याचं काहीतरी मागणं असतं. मी म्हटलं, त्याला टेबल हवंय. म्हणाली, मग दे की, तुझ्या बापाचं काय जातंय.

१० डिसेंबर
डॉमच्या खुर्चीत आता टेरेसा बसते. तिला गप्प फ्लॅगचं विचारलं, सहज, दुसऱ्या ऑफिसातल्या एका मित्राची अडचण म्हणून. म्हणाली, तुझ्या मित्राला सांग, तो फ्लॅग नवे मेसेज अडवतो, उत्तरं अडवत नाही. येतंय ते उत्तर असणार. आधी विचारतंय कोण ते बघ म्हणावं.
मुलगी हुशार आहे, पण अनुभव कमी.

११ डिसेंबर
बघितलं नाही. मी कुणालाही काही विचारलेलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मग बघायचं कशाला?

१२ डिसेंबर
बघितलं नाही. काम फार. दुपारभर पेन्सिलींना टोकं काढली.

१६ डिसेंबर
बघितलं.
माझं मशीन सुरू होताना जी फाइल वाचतं, तिच्या अगदी तळाशी एक ओळ. रोज बाराच्या आत डॉमला विचार: 'जेवायला येतोस का?' आणि 'उत्तर हवं' हा फ्लॅग वर. तारीख १९८० च्या हिवाळ्यातली, आद्याक्षरं माझी. त्या हिवाळ्यात मी इथे नवा होतो, ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं. हे मी विसरलो नव्हतो, फक्त लक्षात नव्हतं.
मग डॉमचं मशीन उघडलं. तिथेही एकच ओळ. लिओने विचारलं की उत्तर दे, तातडीने: 'निघालो. टेबल धर.'
म्हणजे सहा वर्षं त्याने मला बोलावलं नाही, आणि मीही त्याला बोलावलं नाही. मशीन मशीनला विचारत होतं आणि आम्ही दोघं रोज जाऊन जेवत होतो. तो मेल्यावरही विचारत मीच होतो. तो बिचारा नुसता हो म्हणत होता.
खूप रडू आलं. टेरेसाला सांगितलं, सर्दी आहे.

१९ डिसेंबर
मिस्टर ऑस्ट्रँडर टेबलापाशी येऊन म्हणाले, लिओ, मशीन आहे ते, तुझी आजी नव्हे. मी म्हटलं, सोमवारी नक्की. ते म्हणाले, कुठल्या सोमवारी?

२२ डिसेंबर, सोमवार
'निघालो. टेबल धर.' धरलं.

२३ डिसेंबर
सकाळी पुसलं. एक आज्ञा, एक 'होय'. कॉफी गरमच होती, तेवढ्यात झालं.
बाराच्या आत माझ्या मशीनने विचारलंच. सिस्टमने कळवलं: असं मशीन इथे नाही. माझी ओळ काढायची राहिली होती. उद्या काढतो.
टेरेसाला तोंडाने विचारलं, जेवायला येतेस का. एवढंसं वाक्य, पण त्यासाठी तिच्या टेबलापर्यंत दोन फेऱ्या झाल्या. म्हणाली, अरे, आज सँडविच आणलंय घरून. मी म्हटलं, बरं झालं, मलाही वेळ नव्हता.

२४ डिसेंबर
अर्धाच दिवस ऑफिस. ओळ काढली नाही. काम फार.
आज रात्रीच्या जेवणाला आम्हा स्लोवाक लोकांत गेलेल्यांसाठी एक ताट जास्त मांडतात. आयरीनने विचारलं, यंदा कुणाचं? मी म्हटलं, दरवर्षीसारखं आईचं. तिने ताट मांडलं. मग म्हणाली, लिओ, खुर्चीवरचा तुझा कोट उचल, आईला बसायला जागा नाही.
मी म्हटलं, राहू दे थोडा वेळ.
त्या ताटापाशी ठेवलेलं मशरूमचं सूप निवून गेलं. कुणी आलं नाही. तेही मीच प्यायलो. डाएट नव्या वर्षापासून.