पोटातून काढलेला रुपया

गुरुवार, १७ डिसेंबर १९९८
दुपार

आण्णा, सप्रेम जयभीम.

रुपया उजव्या तळव्यात आहे आणि त्याच हातानं हे लिहितो आहे. नाणं तळव्यात धरून रोजची कामं करायची, भाजी चिरायची, कडी लावायची, पत्र लिहायचं, असं तुम्ही सांगितलं होतं. आपण काही धरलंय हे हात विसरला पाहिजे. जयभीम लिहिताना एकदा पडला. आता बसलाय. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

गुडघा कसा आहे? काकूंना नमस्कार. मी बरा आहे. शाळा बरी चालली आहे. चारही इयत्ता एकाच खोलीत बसतात. वाडीवर थंडी फार, धुकं दहापर्यंत हटत नाही. पोरं शेकोटीच्या वासाची येतात.

हातचलाखीचा सराव रोज करतो. वाकळ अंथरून, म्हणजे पडलं तरी आवाज होत नाही. नवा रुपया तळव्यात टिकत नाही, जुना मोठाच बरा. आरसा सोडला. तुम्ही म्हणालात ते खरं होतं. नाणं लपवायच्या क्षणी माझे डोळे मिटत होते, म्हणून मला चूक दिसतच नव्हती. "लेका, तू डोळं मिटलंस म्हणून बगनारा मिटतोय व्हय?" असं तुम्ही म्हणाला होता. त्यावर काकू किती हसल्या होत्या.

आता मिटत नाहीत. माणूस मांडीला मांडी लावून बसला तरी त्याला कळत नाही. वर्ष गेलं, पण हात आला. तुम्ही बघायला हवं होतं.

एक विचारायचं होतं. इतकी वर्षं तुम्ही लोकांच्या पुढ्यात बसून हे केलंत. लग्नघरात केलंत, एसटीत कंडक्टर होतात तेव्हा डेपोत केलंत. कुणी ते खरं मानलं असं कधी झालं का? आणि मानलं तर तुम्ही काय केलंत?

सहज विचारतो आहे.

सहज नाही. सकाळी दारात नारळ होता. मंगळवारीही होता. आपल्या घरात नारळ फुटत नाही हे इथं सगळ्यांना माहीत आहे. तरी ठेवतात. आलो त्या वर्षी याच वाडीत मला चहा यायचा तो कान तुटलेल्या कपातून. तो कप नंतर बाहेर कोनाड्यात जायचा. आता बायका मला वाट सोडून उभ्या राहतात.

दुसरीत संयोगिता नावाची मुलगी आहे. तिचे वडील गुंडू. आई गेल्या साली बाळंतपणाला नेताना जीपमध्येच वारली, दवाखाना गाठलाच नाही. घरी आजी, धोंडुबाई. सोमवारी मुलगी शाळेत आली नाही म्हणून मी घरी गेलो. पोटात दुखत होतं. अंगणात पाय पोटाशी घेऊन पडली होती. हसवावं म्हणून मी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि रुपया काढला. म्हणालो, हा बघ, हा टोचत होता.

ती हसली. उठून बसली. पेज प्याली.

धोंडुबाईंनी रुपया माझ्या हातातून घेतला, कपाळाला लावला आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी पाय मागं घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. आण्णा, मला बरं वाटलं. कान तुटलेला कप त्याच घरचा.

रुपया पडला. उचलत नाही. आता नुसतंच लिहितो.

आज सकाळी पोलिओच्या कामाला नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी मुलीला पाहिलं. ताप आहे, उजवीकडं खाली हात लावू देत नाही. त्या शाळेत येऊन मला म्हणाल्या, "गुरुजी, अपेंडिक्स आहे. आजच्या आज कोल्हापूरला गेली पाहिजे. मला हाकलून लावलं म्हातारीनं. तुमचं नाव सांगते." आणि जाताना म्हणाल्या, "दुखायचं एकाएकी थांबलं तर जास्त भ्या. म्हणजे आत फुटलं."

मी त्याच पावली गेलो. धोंडुबाईंना म्हणालो, दवाखान्यात न्या. त्या म्हणाल्या, "जीपीत घालून एकीला नेली, ती कुटं आली? हिला तुमी हाईसा की." गुंडू म्हणाला, "काल तुमी काडलंसा, रातभर झोपली. आज पुन्यांदा काडा. मग बगू."

काल मी काढलं, हे खरं आहे. ते मी वर लिहिलं नाही. काल त्यांनी मला बोलावून नेलं. मुलीला ताप होता, तिचा हात तव्यासारखा तापला होता. मला दिसत होतं. तरी सगळे बसलेले, शेजारचेही आलेले, सगळे माझ्या हाताकडं बघत होते, आणि मी दुसऱ्यांदा रुपया काढला. इतका स्वच्छ निघाला की माझा मलाच कळला नाही. त्या वेळी मी मुलीकडं पाहत नव्हतो. हाताकडं पाहत होतो.

आज मी पुन्हा काढला नाही. पण खरंही बोललो नाही. शाळेची वेळ झाली म्हणून परत आलो. पोरांना पाढे लिहायला लावून हे लिहीत बसलो आहे.

मुलीचं काही झालं तर ही वाडी म्हणेल, मास्तरनं काढलं होतं, मास्तरनंच घातलं. ती भीती आहेच. खोटं बोलत नाही, पहिल्यांदा तीच आली. मुलीची भीती नंतर आली.

तुम्ही शिकवायच्या आधी एकच अट घातली होती. नाणं कुठं आहे ते दाखवायचं नाही. सख्ख्या आईला नाही. मी हो म्हणालो होतो.

पोरांना घरी सोडलं. आता जातो आणि दाखवतो. तुम्हाला विचारायला वेळ नाही.


शुक्रवार, पहाट
कोल्हापूर, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा

आण्णा, पत्र खिशातच राहिलं. पुढचं लिहितो. मुलीला ऑपरेशनला आत नेलं आहे, अजून कुणी बाहेर आलेलं नाही. तुमचं घर इथून चालत जाण्याएवढं आहे. पण इथून उठवत नाही.

काल मी गेलो तेव्हा धोंडुबाई चुलीपुढं होत्या. चेहरा उजळलेला. "या गुरुजी. तुमी नुसतं येऊन गेलासा आनि पोरीचं दुखनं थांबलं बगा." मुलगी भिंतीकडं तोंड करून निजली होती. मी विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, "न्हाय."

नर्सबाईंचं बोलणं आठवलं.

तिच्या उशाशी माझा रुपया होता. हळदकुंकू वाहिलेला. मी तो उचलला आणि म्हणालो, आजी, ही हातचलाखी आहे. पोटातून काही निघालं नाही. रुपया आधीपासून माझ्या हातात होता.

"आसंल की."

"बघा. हा असा तळव्यात असतो."

हात पालथा केला. बोटं हलवली. पोटावर फिरवला, रुपया काढला. धोंडुबाई गुंडूला म्हणाल्या, "बग, किती साधं बोलत्यात. मोटी मानसं आपन केलं म्हनून कदी म्हनत्यात व्हय?"

मी पुन्हा केलं, सावकाश. पुन्हा स्वच्छ निघाला. वर्षभर हाताला एकच शिकवलं होतं, दिसायचं नाही. आता दिसायला हवं होतं आणि हात ऐकत नव्हता. मुद्दाम वाकडा धरला तरी ऐन वेळी बोटं आपली आपण जुळायची. गुंडू पुढं सरकून बसला. "आता कुटं गेला हो? परत दावा की." जत्रेत विचारतात तसं. मुलगी पलीकडं भराभर श्वास घेत होती. मला ओरडावंसं वाटलं. ओरडलो असतो तर अंगात आलं म्हणाले असते.

मग मी धोंडुबाईंचा हात धरला. त्यांनी धरू दिला. बोटं आत वळलेली, पुरती उघडत नाहीत. जन्मभर विळा धरून तसा आकार आला आहे. रुपया त्यांच्या तळव्यात ठेवला आणि हात पालथा केला. रुपया पडला नाही. मला वर्ष लागलं होतं.

म्हणालो, हात पोरीच्या पोटावर धरा. टेकवू नका. आता बोटं ओढा. आता वर घ्या.

रुपया त्यांच्या बोटांत आला आणि वाकळेवर पडला.

त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला.

"ह्यो तर माजा हात."

"हो."

"मी काय केलं न्हाई."

"मीही काही केलं नव्हतं, आजी."



"मग तिचं दुखनं?"

मी मुलीकडं पाहिलं.

"म्हंजी आत हाय आजून."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. गुंडूनं मला गळ्याला धरून भिंतीला लावलं. इतके दिवस मी तुमी होतो, त्या क्षणी तू झालो. "चार दिस! चार दिस तू आमाला हसत हुतास?" पुढं तो जातीवरून बोलला, ते लिहीत नाही. मी हसत नव्हतो हे त्याला सांगायचं होतं. सांगून काय उपयोग होता?

धोंडुबाई म्हणाल्या, "सोड त्याला. आदी जीप बग. मारायचं मागनं."

वडापची, भाड्यानं माणसं नेणारी जीप मिळाली. गुंडूनं मला कॉलरला धरून आत बसवलं. म्हणाला, "पोरगीला कायबी झालं तर तुला तितंच उतरवतो." कुठं ते सांगितलं नाही. धोंडुबाई मांडीवर मुलीचं डोकं घेऊन बसल्या. सुनेला याच रस्त्यानं नेलं होतं. मी मुलीच्या अंगाभोवती बांधलेल्या ओढणीच्या गाठीकडं बघत होतो. गाठ वर आली की श्वास आहे, खाली गेली की आहे. मधे एकदा गाठ दिसेना इतका अंधार झाला, तेव्हा मी हात पुढं केला. धोंडुबाईंनी तो झिडकारला. "हात लावू नगंस."

इथं आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले? मी सांगितलं. इतके दिवस काय करत होता? तेही मी सांगितलं. डॉक्टर आत गेले.

आण्णा, नाणं कुठं असतं ते आता धोंडुबाईंना माहीत आहे आणि गुंडूला माहीत आहे. डॉक्टरांना माहीत आहे. मी दाखवलं. माफी मागत नाही. माफी मागायची ती दुसऱ्या घरी आहे आणि ते घर आता या व्हरांड्यात बसलंय, माझ्यापासून दोन खांब पलीकडं. मला तिकडं जायची भीती वाटते. दार उघडायची वाटते, उघडत नाही त्याची जास्त वाटते. गुंडू अधूनमधून मान वर करून मी आहे का बघतो. मी आहे. पळून जाणार नाही एवढंच मला करता येतं. ते करतो आहे.

माझ्या हातात तुमचं वर्ष आहे. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुम्ही रागावला असाल तर रागवा, पण उत्तर लिहा. एका ओळीचं चालेल.

घाबरलेला,
नागसेन


ता. क. सकाळी साडेसातला डॉक्टर बाहेर आले. अपेंडिक्स फुटलं होतं, पोट धुऊन काढलं, मुलगी वाचली, पंधरा दिवस ठेवावं लागेल असं सांगितलं. गुंडू खाली बसून रडला. धोंडुबाईंनी माझ्याकडं न बघता विचारलं, "आज शाळा उघडायची का न्हाय?" मी दहाच्या गाडीनं वाडीवर परत निघालो आहे.